चेंडू मारून झाल्यानंतरचा खेळ

वाचकाचा प्रश्न : जळगाव जिल्ह्यातील एका वाचकाने हे पत्र पाठवले आहे. वय ४४, व्यवसाय डाळ मिलचा. शहरातील क्लबमध्ये स्क्वॉशचे (चार भिंतींच्या खोलीत समोरच्या भिंतीवर चेंडू मारण्याचा खेळ) एकच कोर्ट आहे आणि तेथे ते सात वर्षांपासून आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळतात. गेल्या वर्षभरात त्यांना रोज रात्री तासभर व्यावसायिक सामन्यांच्या चित्रफिती पाहण्याचा नाद लागला आहे. त्यांतील निक (भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात बसणारा फटका), खोटा हात दाखवून मारलेला ड्रॉप (समोरच्या भिंतीजवळ हलकेच टाकलेला चेंडू), मागच्या कोपऱ्यातून काढलेला बोस्ट (आधी बाजूच्या भिंतीवर मारलेला फटका) आणि जमिनीवर झेपावून उचललेला चेंडू ते दुसऱ्या दिवशी कोर्टवर करून पाहतात. मात्र खेळ सुधारण्याऐवजी ढासळला आहे. नेहमीचे जोडीदार आप्पा हे रेल्वेतून निवृत्त झालेले, ६२ वर्षांचे गृहस्थ आहेत. त्यांच्याकडून वाचक गेल्या तीन महिन्यांत जवळपास प्रत्येक वेळी हरले आहेत. उजवा गुडघा दुखू लागला आहे. एका ‘लेट’वरून, म्हणजे अडथळा आला म्हणून रॅली पुन्हा खेळण्यावरून, आप्पांशी वाद झाला आणि त्यानंतर दोघांचे बोलणे जेमतेम आहे. ते विचारतात : “मी जे पाहतो ते मला कळते, पण हातून होत नाही. सामने पाहणे बंद करावे की पंधरा दिवस पुण्याला राहून एखाद्या प्रशिक्षकाकडून हे फटके नीट शिकून यावेत? खान्देशात राहून हा खेळ पुढे नेता येत नाही, असे आता वाटू लागले आहे.”

उत्तर :

तुमच्या पत्रातील “मी जे पाहतो ते मला कळते” या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. हात मागे पडतो आणि डोळे पुढे आहेत, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला मात्र शंका आहे ती डोळ्यांचीच. तुम्ही ज्या चार फटक्यांची नावे लिहिली आहेत, त्यांतील निक आणि ड्रॉप हे रॅली संपवणारे आहेत, तर मागच्या कोपऱ्यातला बोस्ट आणि झेप या बहुधा रॅली हातची जात असताना नाइलाजाने करायच्या गोष्टी आहेत. अशा फटक्यांआधी झालेल्या पंधरा-वीस फटक्यांबद्दल पत्रात एक शब्दही नाही. हा दोष सर्वस्वी तुमचा नाही. तुम्ही पाहता त्या चित्रफिती बहुधा पाच-सात मिनिटांच्या असतात. त्या कापताना रॅलीची वाट गाळली जाते आणि फक्त मुक्काम दाखवला जातो. वर्षभर रोज तासभर मुक्कामच पाहिले, तर खेळ म्हणजे मुक्काम, असा समज होणारच.

या खेळात वाट किती लांब असू शकते याचे एक टोकाचे उदाहरण देते. मार्च १९८३ मध्ये इंग्लंडमधील चिचेस्टर येथे पाकिस्तानचे जहांगीर खान आणि इजिप्तचे गमाल अवाद यांचा सामना २ तास ४६ मिनिटे चालला आणि त्यातील पहिला गेमच १ तास ११ मिनिटांचा होता. तो गेम अवाद जिंकले, पण पुढचे तिन्ही गेम आणि सामना जहांगीर यांनी जिंकला. तेव्हा सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत असे आणि गेम ९ गुणांचा होता. आज प्रत्येक रॅलीला गुण आहे, गेम ११ गुणांचा आहे आणि खेळ अधिक आक्रमक झाला आहे. तरीही रॅलीचा सांगाडा तोच राहिला आहे. बाजूच्या भिंतीला लगटून चेंडू मागच्या कोपऱ्यात पाठवत राहायचे, प्रतिस्पर्ध्याला ‘टी’वरून, म्हणजे कोर्टच्या मध्यावर जेथे रेषा मिळतात त्या जागेवरून, हलवायचे आणि त्याच्याकडून सैल चेंडू आला की मगच पुढे मारायचे. तुम्हाला निक दिसला. त्याच्या आधी प्रतिस्पर्धी टीच्या मागे अडकून पडला होता, ही गोष्ट मात्र तुमच्या चित्रफितीत आलीच नसावी.

म्हणून सामने पाहणे बंद करू नका. पाहण्याची पद्धत बदला. पूर्ण सामन्याचे चित्रण बहुतेक वेळ मागच्या भिंतीच्या वरून केलेले असते आणि त्यात संपूर्ण कोर्ट दिसते. आपली नजर स्वभावतः चेंडूमागे धावते. तिला अडवा आणि एक अख्खा गेम, समालोचनाचा आवाज बंद करून, फक्त एकाच खेळाडूकडे पाहा, त्यातही तो चेंडू मारत नसताना. पहिली पाच मिनिटे हे फार कंटाळवाणे वाटेल, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. मीही धुळ्याच्या कोर्टवर वीस वर्षे खेळले आहे आणि त्यांतील पहिली दहा केवळ चेंडू पाहण्यात घालवली आहेत. पाच मिनिटांनंतर मात्र एकेक गोष्ट दिसू लागते.

चेंडू रॅकेटवरून सुटल्याबरोबर तो खेळाडू टीकडे निघालेला असतो. आपला फटका कसा पडला हे पाहत तो उभा राहत नाही. चेंडू त्याच्या मागे, कोपऱ्यात असला तर तो मान आणि खांदे वळवून मागे पाहतो. प्रतिस्पर्ध्याचे रॅकेट किती वर आहे, पाऊल कोठे पडले आहे, चेंडू शरीरापासून किती दूर आहे हे त्याला फटका बसण्याआधीच दिसत असते. आपल्याकडील क्लबच्या खेळाडूंना तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? चेंडू मागे गेला की आपण समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतो आणि तो डोक्यावरून येण्याची वाट पाहतो. म्हणजे जी माहिती फुकट मिळत होती ती आपण घेत नाही आणि मग पळण्यात तिची किंमत मोजतो. शेवटची गोष्ट म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे रॅकेट चेंडूला लागण्याच्या क्षणी तो जागच्या जागी अगदी लहानशी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरतो, ज्याला स्प्लिट स्टेप म्हणतात, आणि तेथून कोणत्याही बाजूला सुटतो.

हे पाहण्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेले दोन खेळाडू म्हणजे इजिप्तचे अली फरग आणि मलेशियाच्या निकोल डेव्हिड. फरग यांनी चार वेळा जागतिक विजेतेपद मिळवले आणि २०२५ मध्ये निवृत्ती घेतली. डेव्हिड यांच्या नावावर आठ जागतिक विजेतेपदे आहेत आणि २००६ पासून सलग नऊ वर्षे त्या क्रमवारीत पहिल्या होत्या. दोघेही क्वचितच घाईत दिसतात. त्यांना धावावे लागत नाही असे नव्हे, तर ते वेळेवर निघालेले असतात. तुम्हाला हाताच्या कसबाची ओढ आहे. पण ४४व्या वर्षी, आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळून, फरग यांचे मनगट मिळणार नाही. मागे वळून पाहण्याची त्यांची सवय मात्र येत्या सोमवारपासून लावता येईल, कारण तिला बळ लागत नाही आणि प्रतिभाही लागत नाही.

आता आप्पांकडे वळते. तुम्ही लिहिता की ते “काहीच विशेष करत नाहीत, नुसता चेंडू मागे टाकत राहतात” आणि तुम्ही चुकला की “कसाले इतली घाई करस भाऊ?” असे विचारतात. तुम्हाला हा टोमणा वाटला आहे. मला तो सल्ला वाटतो आणि माझ्या आजच्या पत्रातला निम्मा भाग त्या पाच शब्दांत आला आहे, असे मी मानते. ६२ वर्षांचा माणूस १८ वर्षांनी तरुण माणसाला सतत हरवतो तेव्हा तो काहीतरी विशेष करत असतो. मला खात्री आहे की आप्पा टीवर उभे असतात आणि तुम्ही कोपऱ्यांत. ज्या खेळाडूला समजून घेण्यासाठी तुम्ही रात्री जागता, त्याच्या खेळाचा गाभा आठवड्यातून तीनदा तुमच्या समोर उभा राहतो.

व्यावसायिकांचे काही फटके आपल्या कोर्टवर चालत नाहीत, याची कारणे केवळ आपल्या हातांत नाहीत. समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेली टिनची पट्टी आपल्या क्लबमध्ये ४८ सेंटिमीटर उंच असते. व्यावसायिक दौऱ्यात ती ४३ सेंटिमीटर असते. तुम्ही पाहिलेला ड्रॉप टिनच्या दोन बोटे वरून गेला असेल, तर तोच फटका तुमच्या कोर्टवर टिनवर आदळून खणकन वाजेल आणि बाद ठरेल. शिवाय त्यांचे मोठे सामने वातानुकूलित सभागृहातील काचेच्या कोर्टवर होतात आणि तेथे चेंडू लवकर निवतो व कमी उसळतो, म्हणून पुढे टाकलेला चेंडू मरतो.

आपल्याकडे काय होते, हे खान्देशातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. स्क्वॉशचा चेंडू पोकळ रबराचा असतो; तापला की रबर लवचिक होते, आतल्या हवेचा दाब वाढतो आणि तो उसळू लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर असताना, पत्र्याच्या छताखालच्या कोर्टमध्ये संध्याकाळी सात वाजताही भिंती दिवसभराचे ऊन परत देत असतात. अशा वेळी तुमचा ड्रॉप कितीही सुबक असला तरी तो कमरेएवढा उसळतो आणि आप्पा चालत येऊन तो मारतात. या दिवसांत ड्रॉप जवळपास विसरा. सरळ ड्राइव्हही, म्हणजे भिंतीलगत मागे जाणारा फटकाही, समोरच्या भिंतीवर थोडा खाली मारा. उंच मारलेला चेंडू मागच्या भिंतीवर आदळून कोर्टच्या मध्यापर्यंत परत येतो आणि प्रतिस्पर्ध्याला आयता मिळतो. पहिला टप्पा जरा अलीकडे आणि दुसरा मागच्या भिंतीच्या तळाशी पडला, तर तो मारणे अवघड होते. त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे चेंडू बाजूच्या भिंतीला चिकटून जाऊ द्या, कारण उन्हाळा उसळी वाढवतो, पण भिंतीलगतचा चेंडू सोपा करून देत नाही. ड्रॉप आणि लॉब (उंच टाकलेला चेंडू) यांचा हंगाम आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत येतो. तेव्हा सकाळी खेळत असाल, तर दुहेरी पिवळ्या ठिपक्यांचा, म्हणजे व्यावसायिकांचा, चेंडू तुमच्याने तापतच नसेल. त्या दिवसांत एका पिवळ्या ठिपक्याचा चेंडू घ्यावा, त्यात कमीपणा मुळीच नाही. रॅली लांबतील आणि शिकायला मिळेल.

खोटा हात दाखवण्याबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण तुमचे मन त्यावर सर्वाधिक बसलेले दिसते. ही युक्ती चालण्यासाठी समोरचा माणूस तुमचा हात वाचून आधीच निघणारा असावा लागतो. व्यावसायिक खेळाडू फटका बसण्याआधीच अंदाज बांधून हलतात, म्हणून त्यांना चकवता येते. आप्पा आधी हलतच नाहीत. चेंडू सुटल्यावर ते शांतपणे निघतात. जो निघालेलाच नाही त्याला चकवणार कसे? उलट हात अडकवून मारल्यामुळे तुमचाच चेंडू सैल पडतो. याच्या अगदी उलट गोष्ट सर्व्हिसची आहे. व्यावसायिक सामन्यांत सर्व्हिसवर थेट गुण क्वचित मिळतो, म्हणून तुम्ही तिच्याकडे लक्षच दिले नसावे. क्लबमध्ये मात्र बाजूच्या भिंतीला वर हलकेच लागून मागच्या कोपऱ्यात उतरणारी उंच लॉब सर्व्हिस दर गेममध्ये दोन-तीन गुण मिळवून देते. तेव्हा त्यांच्याकडे जे फारसे चमकत नाही, तेही आपल्या कामाचे असू शकते.

लेटच्या वादाचे मूळही मला तुमच्या रात्रीच्या पाहण्यात दिसते. पडद्यावर खेळाडू पंचाकडे वळून हात उंचावतात, दाद मागतात, चित्रफीत तपासायला लावतात. तेथे पंच असतो, पैसा आणि क्रमवारी पणाला लागलेली असते. तुमच्या कोर्टवर तुम्ही दोघेच असता. नियमाचा आशय सोपा आहे : चेंडू मारून झालेल्या खेळाडूने दुसऱ्याला चेंडूपर्यंत सरळ वाट, चेंडू दिसण्याची मोकळीक, स्विंगसाठी जागा आणि समोरची संपूर्ण भिंत मोकळी द्यायची असते, तर मारणाऱ्याने चेंडूपर्यंत पोहोचण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा असतो. स्ट्रोक (अडथळ्याबद्दल थेट गुण) की लेट यावर एकमत झाले नाही, तर रॅली पुन्हा खेळावी. शिवाय तुमचे बरेच लेट टीकडे परत न आल्यामुळे होत असतील, हेही तपासून पाहा. फटका मारून तुम्ही जागेवरच थबकलात, तर आप्पांच्या वाटेत तुम्हीच उभे असता. गेल्या महिन्यातील त्या रॅलीत कोणाचे बरोबर होते हे पत्रावरून मला ठरवता येणार नाही, आणि ते ठरवण्याची गरजही वाटत नाही. वयाने आणि खेळाने मोठ्या माणसाशी पहिला शब्द आपण बोलावा, एवढे मला वाटते.

गुडघ्याबाबत मी खेळाडू म्हणून सल्ला देणार नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी होकार दिला तरच पुढचे सर्व करा. एवढे मात्र लक्षात घ्या की पडद्यावरचे ते लांब, खोल पाऊल लहानपणापासून रोज व्यायाम करून घडवलेल्या पायांवर उभे असते, आणि झेप तर मनातून काढूनच टाका. डोळ्यांचीही काळजी घ्या. बहुतेक व्यावसायिक चष्म्याविना खेळतात, म्हणून क्लबमध्येही कोणी तो लावत नाही. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर असतो. एवढा लहान चेंडू डोळ्याच्या खोबणीत नेमका बसतो. मी तुम्हाला मागे वळून पाहायला सांगते आहे, तेव्हा पॉलिकार्बोनेटच्या काचांचा संरक्षक चष्मा घेतल्याखेरीज हा सल्ला अमलात आणू नका.

राहता राहिला प्रश्न पुण्याचा. चांगला प्रशिक्षक मिळणे ही मोठी गोष्ट आहे आणि आपल्या भागात ती सोय तोकडी आहे, ही तुमची खंत खरी आहे. तिला मी खोटे ठरवणार नाही. पण तुम्ही तेथे काय मागायला जाणार आहात? आज गेलात तर निक आणि खोटा हात मागाल, आणि कोणताही जाणता प्रशिक्षक पंधरापैकी चौदा दिवस तुम्हाला सरळ ड्राइव्ह मारायला आणि टीवर परतायला लावील. मिल सोडून, पैसे खर्चून तेच ऐकायचे असेल, तर आधी तीन महिने येथे तयारी करा आणि मग जा. तेव्हा पंधरा दिवसांऐवजी चार दिवस पुरतील.

तयारी म्हणजे पुढीलप्रमाणे. कोर्टच्या वरच्या सज्जात मोबाईल ठेवून स्वतःचा एक गेम चित्रित करा. पडद्यावर दिसतो तसाच, मागून आणि वरून, तुमचा खेळ दिसेल आणि प्रथमच दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहता येतील. चेंडू मारल्यानंतर प्रतिस्पर्ध्याचा फटका बसेपर्यंत तुम्ही टीवर पोहोचलात की नाही, एवढेच वहीत टिपा. किती गुण मिळाले ते लिहू नका. मग कोणत्याही व्यावसायिक सामन्याचा एक गेम लावून तीच नोंद करा. दुसऱ्या आठवड्यात ड्रॉपची नोंद ठेवा : मारणारा कोर्टच्या मधल्या आडव्या रेषेच्या पुढे होता की मागे, आणि प्रतिस्पर्धी त्याच्या मागे होता की टीवर. तुमच्या पत्रात १५ वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. ती सज्जात बसून या खुणा करू शकेल आणि तिच्या स्वतःच्या खेळालाही त्याचा फायदा होईल. रात्रीचा तास आठवड्यातून दोनदाच ठेवा आणि उरलेल्या रात्री झोप घ्या. कोर्टवर एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी मान वळवणे, मग परतणे, त्यानंतर लहान उडी. प्रत्येकीला निदान तीन आठवडे द्या. मधल्या काळात तुम्ही आणखी काही गेम हराल; ते हरावेच लागतील.

सुरुवात कोणत्या सामन्याने करावी, हेही सुचवते. हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत ३० सप्टेंबर २०२३ रोजी पुरुष सांघिक अंतिम लढतीत भारतासमोर पाकिस्तान होता. आपल्या महाराष्ट्राचा महेश माणगावकर पहिला सामना हरला, सौरव घोषालने बरोबरी साधली आणि सुवर्णपदक अभय सिंग व नूर जमान यांच्या तिसऱ्या सामन्यावर येऊन ठेपले. पाचव्या गेममध्ये अभय ८–१० असा मागे होता, म्हणजे एक चूक झाली की सर्व संपले. तेथून त्याने तो गेम १२–१० असा जिंकला. त्या शेवटच्या रॅलींत तो कोठे उभा राहतो, किती वेळा मागे पाहतो, घाईचा मोह कोठे आवरतो, हे पाहण्यासारखे आहे.

येत्या रविवारी आप्पांना घरी बोलवा. चहा झाला की पाचवा गेम ८–१० पासून लावा, आवाज बंद करा. तुम्ही अभयकडे पाहा, आप्पा नूर जमानकडे पाहतील. रिमोट आप्पांच्या हाती द्या आणि ते जेथे चित्र थांबवतील तेथे का थांबवले, ते त्यांना विचारा.